चकतीची काठी झाली

बारावीला इंटिग्रेशन म्हणजे माझा हातचा मळ होता. बाय पार्ट्स, सबस्टिट्यूशन, पार्शल फ्रॅक्शन. गणित बघितलं की प्रकार ओळखायचा आणि सोडवून मोकळं व्हायचं. त्या जोरावर बीएस्सीला फिजिक्स घेतलं आणि पहिल्याच महिन्यात तोंडावर आपटले.

प्रश्न अगदी साधा होता. एकसारख्या जाडीची चकती, मधोमध आरपार जाणारा अक्ष, तिचा मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे फिरवताना ती किती विरोध करते त्याचं माप, काढा. मी वस्तुमान त्रिज्येवर सारखं वाटून टाकलं, अंतराच्या वर्गानं गुणलं, शून्यापासून काठापर्यंत इंटिग्रेट केलं. उत्तर आलं एम आर वर्ग भागिले ३ (एम म्हणजे वस्तुमान, आर म्हणजे त्रिज्या). सरांनी वही बघितली आणि म्हणाले, "इंटिग्रेशन बरोबर आहे गं. पण ही चकती नाही, काठी आहे."

खरंच तसं होतं. एका टोकाभोवती फिरणाऱ्या काठीचं उत्तर मी चकतीच्या नावावर खपवलं होतं. चकतीत केंद्रापासून जितकं लांब जावं तितका माल जास्त. मनातल्या मनात तिच्यातून एक बारीक बांगडी कापायची आणि ती बांगडी तोडून सरळ करायची. लांबी झाली परीघाएवढी, म्हणजे दोन पाय आर (२πr, इथे r ही बांगडीची त्रिज्या), आणि रुंदी डीआर, म्हणजे त्रिज्येचा इवलासा तुकडा. हा 'दोन पाय आर' मी विसरले होते. तो घातला की ३ च्या जागी २ येतात. बाहेरच्या भागात माल जास्त, म्हणजे उत्तर काठीपेक्षा मोठं यायलाच हवं. पण सगळा माल काठावर असता तर पूर्ण एम आर वर्ग आलं असतं, त्याहून कमीच. एवढं आधी डोक्यात आणलं असतं तर चूक मलाच दिसली असती.

बारावीत इंटिग्रल छापून मिळतो. इथे तो आपल्याला लिहावा लागतो, आणि घाम फुटतो तो तिथेच. लिहून झाला की सोडवायला बऱ्याचदा दोन ओळी पुरतात. इंटिग्रलची ती लांबुळकी खूण म्हणजे जर्मन गणिती लाइबनिझनं १६७५ मध्ये ताणलेला 'एस' आहे, 'सुम्मा' म्हणजे बेरीज यातला. मला हे एफवायला, म्हणजे बीएस्सीच्या पहिल्या वर्षी कळलं. बेरीज करायची तर आधी कशाची ते ठरवायला नको का?

दुसरा फटका प्रॅक्टिकलला बसला. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १०० किलोओहमचा रेझिस्टर. चार्ज केलेला कपॅसिटर रिकामा होताना दर दहा सेकंदांनी व्होल्टेज टिपायचं. काटा आधी भराभर उतरतो, मग रेंगाळतो. जेवढं शिल्लक, त्याच्या प्रमाणात उतरण्याचा वेग. व्होल्टेजचा लॉग आणि वेळ यांचा ग्राफ काढला की सरळ रेष येते आणि उतारावरून टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स) मिळतो. यायला हवा १०० सेकंद, आमचा आला ६७. गणित चार वेळा तपासलं. शेवटी लॅब असिस्टंट काकांनी विचारलं, "मीटर कुठला लावलाय?" काट्याचा होता, दर व्होल्टला २० किलोओहमचा, १० व्होल्टच्या रेंजवर. म्हणजे त्याचाच रेझिस्टन्स २०० किलोओहम, आणि तो आमच्या रेझिस्टरला समांतर. दोन्ही मिळून सुमारे ६७ किलोओहम! समीकरण बिनचूक सोडवलं होतं, फक्त त्यात मीटर नव्हता.

थर्मोडायनॅमिक्समध्ये पार्शल डेरिव्हेटिव्हच्या (बाकीचं स्थिर धरून एकाच गोष्टीबरोबर होणारा बदल) कंसाबाहेर खाली एक बारकं अक्षर असतं, काय स्थिर धरलंय ते सांगणारं. मी ते लिहायचा कंटाळा करायचे. मग ध्वनीच्या वेगाचं प्रकरण वाचलं. आजच्या भाषेत सांगायचं तर न्यूटननं घनतेबरोबर दाब कसा बदलतो ते बघताना तापमान स्थिर धरलं. तसं केलं तर ० अंश सेल्सिअसच्या हवेत वेग येतो सेकंदाला साधारण २८० मीटर, प्रत्यक्षात असतो ३३१. ध्वनीची आंदोलनं इतकी झटपट होतात की उष्णतेला इकडून तिकडे जायला सवडच मिळत नाही, म्हणजे तापमान स्थिर राहत नाही. ही दुरुस्ती पुढे फ्रेंच गणिती लाप्लासनं केली. न्यूटनचंही असं होतं म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं, आणि ते अक्षर मी आजतागायत गाळलेलं नाही.

एक तक्रार आहेच. आमच्याकडे इलेक्ट्रिसिटीच्या पेपरला पहिल्याच वर्षी डायव्हर्जन्स (एखाद्या बिंदूतून क्षेत्र किती बाहेर पसरतं त्याचं माप) लागायचा आणि गणितवाले तो शिकवायचे दुसऱ्या वर्षी. तुमच्याकडेही तसंच असेल तर वाट बघू नका. पार्शल डेरिव्हेटिव्ह, टेलर सिरीज (फंक्शन घातांच्या बेरजेत लिहिणं) आणि डबल इंटिग्रल एवढं सुट्टीत हाताखालून घाला. टेलर तर पेंडुलमपासूनच लागते: १० अंशांचा साइन ०.१७३६ आणि तोच कोन रेडियनमध्ये ०.१७४५. फरक अर्ध्या टक्क्याचा, म्हणून साइनच्या जागी सरळ कोन लिहून चालतं. ६० अंशांना हा फरक २० टक्क्यांच्या वर जातो. तिथे सरांची लाल रेघ ठरलेली.

माझ्या वहीत अजूनही प्रत्येक इंटिग्रलच्या आधी अर्धं पान कोरं सोडलेलं असतं, बांगडी काढायला.