तोडलेले जंगल पुन्हा वाढवताना

तोडलेल्या जंगलाच्या जागी रोपे लावण्याची घाई करू नये. आधी वाढीचा एक हंगाम जाऊ द्यावा आणि जुन्या बुंध्यांना फुटवे येतात का, जमिनीतले बी रुजते का, ते पाहावे. फुटवे आल्यास प्रत्येक बुंध्यावर दोन-तीन जोमदार राखून बाकीचे छाटावेत, भोवतीचे गवत दाबावे आणि गुरे व वणवा यांपासून पहिली काही वर्षे राखण करावी, कारण अनेक प्रयत्न फसतात ते इथेच. मूळ झाडांचा मागमूसही नसेल तिथेच स्थानिक जातींची मिश्र लागवड करावी. छाटलेल्या फांद्या सरपणाला चालतील. झाडे पुन्हा वाढतात म्हणून लाकूड जाळून केलेल्या विजेला काही जण स्वच्छ म्हणतात. मात्र विजेसाठी उभी झाडे तोडून जाळल्यास कार्बन लगेच हवेत जातो आणि तो पुन्हा शोषला जायला कित्येक दशके लागतात, म्हणून अशा विजेला सरसकट स्वच्छ म्हणणे मला पटत नाही.