इटलीच्या खेड्यात जेवताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे भूक लागल्यावर जागा शोधायला निघणं. मे महिन्याच्या सुट्टीत फ्लॉरेन्सहून गाडी भाड्याने घेऊन निघालेल्या आपल्या मंडळींचा दिवस ठरलेला असतो. हॉटेलचा नाश्ता भरपेट, निघायला अकरा, सान जिमिन्यानोत पार्किंगसाठी घिरट्या, मग मनोरे, फोटो, जेलातो. पावणेतीनला कुणाला तरी जेवणाची आठवण होते. फोनवर भरपूर तारे असलेली एक त्रातोरिया, म्हणजे घरगुती खानावळ, सापडते. वळणांचा रस्ता कापून तिथे पोचावं, तर आत लोक कॉफी पीत बसलेले असतात आणि मालकीणबाई दारातूनच नकार देतात. मंडळींना तो अपमान वाटतो. तसं काही नसतं. खेड्यातलं स्वयंपाकघर दुपारी साधारण साडेबारा ते अडीच चालतं आणि रात्री साडेसातनंतर पुन्हा उघडतं. मधल्या वेळात स्वयंपाक करणारी माणसं घरी गेलेली असतात. शेवटी चौकातल्या बारमध्ये मायक्रोवेव्हमधला लझान्या नशिबी येतो आणि परत आल्यावर "इटलीत खायला काही खास नाही" असा निकाल लागतो.

यावर उपाय एकच, आदल्या संध्याकाळी सातच्या सुमारास फोन. ईमेल नको, अ‍ॅप नको. तिथल्या कित्येक जागा दोन्हीकडे बघत नाहीत. "दोमानी आल्लूना, सियामो इन क्वात्रो", म्हणजे उद्या एक वाजता, आम्ही चौघं, एवढं पुरतं. तेही जमत नसेल तर मुक्कामाच्या घरमालकाला करायला सांगा, ते आनंदाने करतात. सोमवार ते बुधवारमधला एखादा दिवस बहुतेक ठिकाणी सुट्टीचा असतो, रविवारी रात्रीही बरेच जण बंद ठेवतात. रविवारची दुपार मात्र सर्वांत चांगली, कारण तेव्हा आजूबाजूची कुटुंबं तीन पिढ्यांसह जेवायला येतात. अर्थात तेव्हा आयत्या वेळी टेबल मिळत नाही. माझा नियम असा, की आधी जेवणाची वेळ नक्की करायची आणि चर्च-किल्ले तिच्या आजूबाजूला बसवायचे.

अग्रितुरिस्मोची, म्हणजे शेतावरच राहण्या-जेवण्याची सोय असल्याची, पाटी दिसली म्हणून गाडी आत घालू नका. 2006च्या कायद्याप्रमाणे तिथे शेती हाच मुख्य व्यवसाय असावा लागतो आणि ताटातला ठरावीक वाटा स्वतःच्या शेतातला असावा लागतो. तो किती, हे प्रत्येक प्रांत ठरवतो. पण काही जण फक्त खोल्या देतात, काही जण मुक्कामी पाहुण्यांपुरतंच रांधतात, काही जण शुक्रवार ते रविवारच चूल पेटवतात. फोनवर तीन गोष्टी विचारा: बाहेरच्यांना जेवण मिळतं का, ठरलेल्या जेवणाचे माणशी किती, आणि त्यात पाणी-वाइन धरली आहे का.

दुसरी लाडकी चूक शाकाहारींची. "सेन्झा कार्ने" म्हणजे मांस नको, असं सांगून निर्धास्त बसायचं आणि मग सूपमध्ये पान्चेत्ताचे तुकडे निघाले की वाढणाऱ्यावर चिडायचं. त्या बिचाऱ्याच्या हिशेबात चवीपुरतं घातलेलं डुकराचं मांस म्हणजे मांसाची डिश नव्हे. म्हणून एकेक नाव घ्या: निएन्ते कार्ने (मांस नको), निएन्ते पेशे (मासे नको), निएन्ते प्रोशुत्तो (हॅम नको), निएन्ते ब्रोदो दी कार्ने (मांसाचं पाणी नको). रोमान्यातल्या पियादीना या पोळीत आणि मोदेनाच्या न्योको फ्रित्तो या तळलेल्या पुरीत परंपरेने डुकराची चरबी असते. पिएमोन्तेची बान्या काउदा ही गरम चटणी भाज्यांसोबत येते, पण तिचा जीव अँचोव्ही माशात. पुल्यातल्या ओरेकिएत्ते पास्त्याच्या पालेभाजीतही तोच मासा बऱ्याचदा विरघळलेला असतो, तो वगळायला सांगा. पार्मिज्यानो रेज्यानो चीज नियमानुसार वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, वापरूनच बनतं. ते चालत नसेल तर वरून किसू नका म्हणावं आणि पेस्तोलाही हात लावू नये, त्यातही ते असतं. अंडं नको असेल तर एमिल्यातली ताल्यातेल्ले हा ताजा पास्ता टाळा. दक्षिणेकडची ओरेकिएत्ते रवा आणि पाण्याची असते.

एवढं वाचून बॅगेतल्या थेपल्यांकडे वळू नका. पुल्यात वाटलेल्या सुक्या बाकल्याच्या दाण्यांवर, म्हणजे फावा बीन्सवर, रानटी चिकोरीची भाजी घालून देतात. ती मुळातच शाकाहारी आहे. लिगुरियात बेसनाची भाजलेली पोळी फारिनाता, सिएनाच्या बाजूला लसूण-टोमॅटोतला जाड पास्ता पीची, सार्डिनियाच्या ओल्यास्त्रात बटाटा, पुदिना आणि मेंढीच्या चीजचं सारण भरलेले पास्त्याचे कुलुर्जोनेस (रेनेटचा प्रश्न तिथेही आहे). कांदा-लसूण वर्ज्य असेल तर ते फोनवरच सांगा. सॉस सकाळीच शिजलेले असतात, टेबलावर बसून सांगण्यात अर्थ नाही.

एकाच मेनूत कार्बोनारा, पेस्तो, मिलानचा रिसोत्तो आणि पिझ्झा दिसला तर उठा, हे सगळे वेगवेगळ्या प्रांतांचे पदार्थ आहेत. पाव अळणी लागला म्हणून मात्र तक्रार करू नका, तोस्काना-उंब्रियात तो बिनमिठाचाच असतो.

बिलाचे धक्के थोडक्यात. फ्लॉरेन्सी बीफ स्टेक, मासे आणि ट्रफल यांचा भाव बऱ्याचदा "एत्तो"ला, म्हणजे 100 ग्रॅमला असतो. 6 युरो एत्तो वाचून मागवलेला सव्वा किलोचा तुकडा 75 युरोंचा होतो, तेव्हा आधी वजन विचारा. "कोपेर्तो" म्हणजे माणशी बैठक-आकार, भांडू नका. मेनूत नावापुढे तारा असेल तर माल गोठवलेला. जुलैत कुणी आल्बाचा ताजा पांढरा ट्रफल देऊ करत असेल तर हसून नको म्हणा, तो शरदातला. चारही कोर्स घ्यायची सक्ती नसते, एक प्रीमो (पास्त्यासारखा पहिला कोर्स) आणि एक भाजी चालते. गाडी चालवणाऱ्याला रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे, आणि लायसन्स तीन वर्षांच्या आतलं असेल तर शून्य.

त्रिएस्तेजवळच्या कार्स्त पठारावर रस्त्याकडेला हिरवी डहाळी टांगलेली दिसली तर बाणाच्या दिशेने वळा. ती ओस्मित्साची, म्हणजे शेतकऱ्याच्या घरच्याच खानपानाच्या जागेची, खूण. शेतकऱ्यांना आपल्या घरचा माल थोडे दिवस दारातच विकायची मुभा 1784मध्ये ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या सम्राट दुसऱ्या जोसेफने दिली, तिचीच ही परंपरा. पण तिथे पास्ता मागू नका. घरची वाइन, हॅम, चीज, उकडलेली अंडी, लोणची आणि पाव, सगळं गार. डहाळी काढलेली असेल तर त्या घरचे दिवस संपले, पुढच्या गावात बघा. आणि रोख पैसे जवळ ठेवा.