घरच्या कॉम्प्युटरवर कोणतं सॉफ्टवेअर टाकावं?

आधी ठरवा, करायचंय काय? आमच्या देवगडात बहुतेकांना आंब्याच्या पेट्यांचा हिशेब आणि अधूनमधून एखादा अर्ज, एवढंच लागतं. त्यासाठी पैसे कशाला मोजायचे? लिबरऑफिस फुकट आहे, नेटशिवाय चालतं, मेनूही मराठीत करता येतात.

त्यातलं हिशेबाचं कॅल्क उघडा. तारीख, गिऱ्हाईक, पेट्या, दर, येणं असे रकाने पाडा. ‘येणं’मध्ये आधी बरोबरचं चिन्ह, मग पेट्यांच्या चौकटीवर क्लिक, चांदणी (*), दराच्या चौकटीवर क्लिक, एंटर. गुणाकाराला फुली चालत नाही, चांदणीच लागते! पुढच्या ओळींसाठी त्याच चौकटीचा उजवा खालचा कोपरा धरून खाली ओढा.

पावसाळ्यात लाइट कधी जाईल नेम नाही. ऑटोरिकव्हरी, म्हणजे काम आपोआप जपून ठेवायची सोय, १० मिनिटांवर असते, ती २ वर आणा.

गूगल शीट्स हे नेटवरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर. ते आपोआप सेव्ह होतं, मुंबईतला मुलगाही तीच फाइल बघू शकतो. पण आमच्या वाडीत रेंज कायम रुसलेली, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नाही.