बोअर घ्यायचा का, पुण्याला जायचं का: प्रभूला विचारून ठरवण्याची रीत

जालन्यात हॉस्पिटलात सिस्टर म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले, तरी आमच्या चर्चच्या मंडळीतली पोरंपोरी अजून मला सिस्टरबाईच म्हणतात. रविवारी उपासना सुटली की चपला शोधता शोधता कुणीतरी विचारतंच, "सिस्टरबाई, प्रभूची इच्छा काय आहे ते कळायचं कसं?" त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते.

आधी प्रश्न वहीत लिहून काढा. "प्रभू, माझं पुढं कसं होणार?" असं लिहून भागत नाही. "पुण्याच्या हॉस्पिटलातली नोकरी पुढच्या महिन्यापासून धरू, की इथंच राहून पुढच्या कोर्सला अर्ज करू?" एवढं मोकळं लिहा, वर तारीख टाका. मग बघा, पवित्र शास्त्रानं याचं उत्तर आधीच देऊन ठेवलंय का. हुंडा घ्यावा का, खोटं बिल लावावं का, म्हाताऱ्या आईला भावाच्या दारात सोडून यावं का, यासाठी उपास-प्रार्थना धरायची गरज नाही. लोक धरतात, म्हणून लिहिते.

नाईट ड्यूटी करून आल्यावर काहीही ठरवू नका. उपाशीपोटी नाही, भांडणानंतर नाही, मयतीच्या घरातून आल्या आल्या तर नाहीच. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून "आता पुरे, माझा जीव घे" म्हणाला, तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. देवदूतानं भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं. बोलणं झालं ते पुढं होरेब डोंगरावर. 1 राजे, 19 वा अध्याय. नर्सिंगच्या पोरींना मी हा मुद्दाम वाचायला लावते.

आता बोअरची गोष्ट, कारण आपल्या मराठवाड्यात निम्मे प्रश्न शेवटी पाण्यापाशी येतात. माझ्या धाकट्या दिराला मोसंबी लावायची होती. जालन्याच्या मोसंबीला जीआय मानांकन आहे, भाव आला तर सोनं. पण 2012-13 च्या दुष्काळात बागाच्या बागा वाळून लोकांनी सरपणाला तोडल्या, तेही आमच्या डोळ्यासमोर. बोअर लागला तरच बाग, असा हिशेब. गावातले म्हणाले, पाणाड्या आणा, तळहातावर नारळ ठेवून रान फिरतो, नारळ उभा राहिला की तिथं पाणी. दीर म्हणाला, "आपण ख्रिस्ती, आपल्याला ते चालत नाही." आणि घरात जाऊन डोळे मिटून शास्त्र उघडलं, बोट ठेवलं. निघालं यशयातलं, ओसाड जागी झरे फुटण्याचं वचन. लगेच बोअरच्या गाडीवाल्याला फोन करायला निघाला.

मी म्हटलं, भाऊजी, थांबा. नारळाच्या जागी शास्त्र ठेवलं, बाकी सगळं तेच केलं तुम्ही. बोट उत्पत्तीतल्या वंशावळीवर पडलं असतं तर? 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आपण वर्षाचं वचन म्हणून चिठ्ठी उचलतो, ती पाकिटात ठेवा, धीर येतो. पण तिच्यावर जमीन विकू नका. यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली हे खरं आहे. तीही पन्नासाव्या दिवसाच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या सणाच्या, आधी. पवित्र आत्मा उतरल्यावर प्रेषितांनी परत चिठ्ठ्या टाकल्याचं नव्या करारात कुठं सापडत नाही.

मग करायचं काय? नहेम्याचे पहिले दोन अध्याय काढा. हा पारसाच्या राजाच्या दरबारात चाकरीला असलेला यहुदी. यरुशलेमेचा कोट पडल्याचं ऐकून तो किसलेव महिन्यात रडला, उपास केला. राजाशी बोलला ते नीसानमध्ये, म्हणजे चारेक महिन्यांनी. तोवर प्रार्थना चालू होती आणि डोक्यात यादीही तयार होत होती. राजानं "काय पाहिजे?" विचारल्यावर मनातल्या मनात एक प्रार्थना केली आणि सरळ मागितलं: वाटेवरच्या सुभेदारांना पत्रं द्या, वनपालाला लाकडासाठी पत्र द्या. यरुशलेमेत पोचल्यावर रात्री गुपचूप कोट फिरून बघितला, मगच लोकांना "चला, बांधू" म्हणाला. आपल्या जालन्याजवळ पाळक नारायण शेषाद्रींनी ख्रिस्ती लोकांसाठी बेथेल गाव वसवलं, तेही गुडघे टेकून, आणि निजामाच्या सरकारकडून जमीन मिळवून. गुडघे आणि अर्ज, दोन्ही लागतात.

तर दिराला तीन कामं लावली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्ह्याला ऑफिस असतं, तिथं जाऊन विचारायचं. शेजारच्या रानातले बोअर किती फुटांवर लागले, किती कोरडे गेले, एप्रिल-मेमध्ये किती चालतात, हे घरोघर जाऊन लिहून आणायचं. आपल्याकडं खाली काळा पाषाण. पाणी असतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत, त्यामुळं जेवढं खोल तेवढं जास्त पाणी असा हिशेब इथं चालत नाही. आणि तिसरं, बोअर कोरडा गेला तर कर्ज कशातून फिटेल ते कागदावर मांडायचं. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे प्रभूनंच सांगितलंय, लूक 14. रोज संध्याकाळी ती वही पुढ्यात ठेवून घरच्यांनी मिळून प्रार्थना करायची. "बोअर लागू दे" एवढीच नको. "आम्हाला शहाणपण दे, आणि नको असेल तर नको म्हणायची ताकद दे." याकोबाच्या पहिल्या अध्यायात ज्ञान मागायला सांगितलंय, गुप्त बातमी मागायला नाही.

नोकरीवाल्या पोरींनी हीच रीत धरायची. बाँड, म्हणजे अमुक वर्षं नोकरी सोडणार नाही असा करार, पूर्ण वाचा. मूळ सर्टिफिकेटं जमा करून घेतात का ते विचारा. होस्टेलपासून चर्च किती लांब, रविवारची सुट्टी मिळते का, तिथं काम केलेल्या पोरीला फोन करा. हे सगळं प्रार्थनेतच धरा.

विचारायला माणसं दोन-तीनच पुरेत, पण त्यातलं एक तुम्हाला "नाही" म्हणू शकणारं असावं. पाळकसाहेबांना विचारा, पण त्यांच्याकडून भविष्य काढून घेऊ नका. आणि कुणी मुलगा येऊन म्हणाला, "प्रभूनं मला सांगितलंय, तूच माझी बायको होणार," तर हसून म्हणायचं, "मलाही सांगेल, तेव्हा बघू." माणसाला नकार देता येतो, देवाचं नाव पुढं केलं की पोरी गप्प बसतात. गप्प बसू नका.

चिन्ह मागावं का? शास्त्रातल्या गिदोनानं रात्री लोकर ठेवून, दव फक्त तिच्यावर पडू दे, असं चिन्ह मागितलं होतं, पण देवानं काय करायला सांगितलंय ते त्याला आधीच माहीत होतं; धीर होत नव्हता म्हणून मागितलं. म्हणून ती रीत मी कुणाला शिकवत नाही.

एवढं झालं की तारीख ठरवा आणि त्या दिवशी ठरवून टाका. मनात थोडी धाकधूक राहते, राहू द्या. नंतर अडचण आली म्हणून लगेच "प्रभूची इच्छा नव्हती वाटतं" म्हणायचं नाही. पौलाला मासेदोनियाला ये असा दृष्टान्त झाला, तो गेला, आणि तिथल्या फिलिप्पैत फटके खाऊन तुरुंगात पाय खोड्यात अडकले. दृष्टान्त खरा होता.

दिराचा बोअर लागला, पण पाणी मोसंबीपुरतं नव्हतं. कागद आधीच मांडलेला असल्यानं बाग लावली नाही, सोयाबीन आणि तूरच ठेवली. बोअरवर घरचं आणि जनावरांचं भागतं. आता शेततळ्याचा विचार चाललाय. वहीत नवं पान काढलंय, सातबारा आणि आठ-अ काढून झालेत, आणि पलीकडच्या वाडीत ज्यांचं तळं दोन उन्हाळे टिकलं त्यांना भेटायला तो शनिवारी जाणार आहे.