बूट म्हणजे कोल्हापुरी नव्हे: धावणाऱ्यांनो, या चुका टाळा

कोल्हापुरी चप्पल नवी असताना चावते. मग तिला तेल चोळायचं, दोन-चार दिवस फोड सोसायचे, की ती हळूहळू पायाची होते. चामडं ताणतं, पायाचा आकार घेतं. आपल्यापैकी बहुतेकांची पादत्राणांबद्दलची अक्कल इथूनच आलेली असते, आणि धावायचे बूट घेताना नेमकी हीच अक्कल नडते. या बुटाला वर विणलेली पॉलिस्टरची जाळी आणि खाली फोम असतो. त्यात ताणून मोठं होण्यासारखं फारसं काही नसतं. दुकानात करंगळीला लागलेला बूट दहाव्या किलोमीटरलाही करंगळीला लागणारच. फक्त तेव्हा बदलून घ्यायला समोर दुकान नसतं.

"वापरून सैल होतील"

सकाळी अकरा वाजता, ऑफिसच्या पातळ मोज्यांवर बूट घालून बघणं ही पहिली चूक. दिवसभरात पाय थोडे फुगतात, धावताना आणखी फुगतात. म्हणून संध्याकाळी जा आणि धावायचे मोजे घेऊन जा. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. "सर्वांत लांब बोट" म्हणतोय, कारण अनेकांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं. दोन पावलांतही फरक असतो, तेव्हा मोठ्या पावलाचं माप घ्या.

लांबीइतकीच रुंदीही महत्त्वाची. लहानपणी चपला घालून किंवा अनवाणी हिंडलेल्यांचा चवडा बऱ्याचदा पसरट असतो, आणि बरेच बूट पुढे निमुळते असतात. आतला इनसोल काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. पाय कडेबाहेर सांडत असेल तर एक नंबर मोठा घेऊन भागणार नाही. त्याच मॉडेलची रुंद आवृत्ती मागा, तिच्यावर 2ई किंवा 4ई असं लिहिलेलं असतं.

ऑनलाइन मागवणाऱ्यांचा घोळ वेगळाच. आपल्याकडे यूके नंबर चालतो, पण साइटवर कधी यूएस दिसतो, आणि पुरुषांच्या बुटांत तो यूकेपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा असतो. पायाला नीट बसलेल्या जुन्या जोडीच्या खोक्यावर सेंटिमीटरचा आकडा असतो, तो लिहून ठेवा.

"पुढच्या वर्षीही होतील"

ही उलटी चूक. जूनमध्ये शाळेचे बूट एक नंबर मोठे घ्यायचे आणि पुढे कापूस कोंबायचा, अशी आमच्या घरची रीत होती. धावताना मोठ्या बुटात टाच वर-खाली होते आणि तिथेच फोड येतो. पुढे मोकळं आणि मागे घट्ट, असं दोन्ही एकदम साधायचं असतं.

माझा धडा साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमधला. यवतेश्वरचा घाट चढताना सगळं मजेत होतं. उतारावर पाऊल दर वेळी पुढे सरकून नखं बुटावर आपटत होती. घरी येऊन बघितलं तर दोन नखं काळी पडलेली. अंगठ्याचं नख पूर्ण यायला जवळजवळ वर्ष गेलं. मी बुटाला शिव्या घातल्या, पण बूट बरोबर मापाचा होता. चूक लेसची होती.

सर्वांत वरच्या बाजूला एक जास्तीचं छिद्र असतं ना, जे सगळे रिकामं सोडतात? लेस त्याच बाजूच्या त्या छिद्रातून आत ओवा म्हणजे छोटं कडं तयार होईल. दुसऱ्या बाजूलाही तसंच करा. मग प्रत्येक टोक समोरच्या कड्यातून ओढा आणि गाठ मारा. टाच जागेवर धरली जाते आणि पाऊल पुढे घसरत नाही. हे मला चार वर्षं धावल्यावर कळलं, याची थोडी लाज वाटते.

तळव्याची परीक्षा

दुकानात ओल्या पावलाचा ठसा किंवा ट्रेडमिलवरचा व्हिडिओ बघून "तुमचा पाय आत कलतो, हा महागडा सपोर्टवाला घ्या" असं सांगितलं जातं. अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीनमध्ये 2009-10 च्या सुमारास नवशिक्या सैनिकांवर याची चाचणी झाली. काहींना तळव्याच्या कमानीप्रमाणे निवडलेले बूट दिले, काहींना सरसकट एकच प्रकार. दुखापतींमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. तेव्हा दुकानातच पाच मिनिटं पळून बघा आणि ज्याचा विसर पडतो तो बूट घ्या. जुनी मोठी दुखापत असेल तर मात्र फिजिओला विचारा.

"नवे आहेत, रेसच्या दिवशी काढू"

दिवाळीच्या कपड्यांना ठीक आहे. मुंबई मॅरेथॉनच्या आधी एक्स्पोमध्ये बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला जायचं, सवलतीत बूट घ्यायचे आणि रविवारी पेडर रोडच्या चढावर ते पहिल्यांदा पळवायचे, हे दर जानेवारीत कुणीतरी करतंच. बूट नवा असताना तो सैल करायचा नसतो, पायाला त्याची ओळख करून द्यायची असते. आधी घरात फरशीवर तासभर वावरा. बदलून घ्यायची वेळ आलीच तर तळ स्वच्छ असतो. मग तीन-चार किलोमीटर, मग सहा-आठ. रेसच्या आधी किमान 40-50 किलोमीटर व्हावेत आणि त्यात एक लांब धाव असावी.

टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, म्हणजे ड्रॉप, यावर विशेष लक्ष ठेवा. 10 मिमीवरून एकदम 4 मिमीवर आलात की पोटऱ्या आणि टाचेमागची शीर बोंब मारतात. अशा वेळी नवी जोडी आठवड्यातून एकदाच, तीही छोट्या धावेला.

"फाटेपर्यंत वापरू"

सर्वांत महागात पडणारी चूक हीच, कारण ती काटकसरीसारखी दिसते. तळाचं रबर शाबूत असतं, जाळी धड असते, आणि मधला फोम केव्हाच मेलेला असतो. साधारण 500 ते 800 किलोमीटर हे आयुष्य धरतात. वजनदार धावक अलीकडच्या आकड्याजवळ राहतात. आठवड्याला 30 किलोमीटर पळणाऱ्याची 600 किलोमीटरची जोडी पाच महिन्यांत संपते. म्हणजे "आत्ताच तर घेतली" ही भावना भरवशाची नाही. टाचेची बाहेरची कड झिजली म्हणून घाबरू नका, ती बहुतेकांची झिजते. बूट टेबलावर ठेवून मागून बघा, एका बाजूला कलतोय का. फोमच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडल्यात का. नेहमीच्याच धावेनंतर नडगी किंवा गुडघा विनाकारण दुखू लागला, तर व्यायाम बदलण्याआधी किलोमीटर मोजा.

दोन जोड्या

एकच जोडी रोज घासण्यापेक्षा दोन आलटून पालटून वापराव्यात. लक्झेंबर्गमध्ये 264 हौशी धावकांवर 22 आठवडे नजर ठेवली, तेव्हा एकाहून अधिक जोड्या वापरणाऱ्यांमध्ये दुखापतीचा धोका 39 टक्के कमी आढळला. हे निरीक्षण आहे, बुटांनीच सगळं केलं असं नाही. पण वेगळ्या बुटात पायावरचा भार थोडा वेगळा पडतो, हे पटण्यासारखं आहे. म्हणून दोन्ही जोड्या एकाच मॉडेलच्या घेऊ नका. एक रोजची मऊ, दुसरी थोडी हलकी. कार्बन प्लेटची, म्हणजे तळात कडक कार्बनची पट्टी असलेली, तिसरी घ्यायची घाई नको. उंच तळाचा तो बूट आपल्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर घोटा मुरगळायला मदतच करतो.

आणि आपल्याकडचं खरं कारण पावसाळा. जुलैत भिजलेला बूट रात्रभरात वाळत नाही. ओल्या बुटात सुती मोजे घातले की फोड ठरलेलेच, म्हणून मोजे पॉलिस्टरचे. बूट भिजला की इनसोल बाहेर काढा, आत वर्तमानपत्र कोंबा, तासा-दोन तासांनी बदला आणि पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात, हेअर ड्रायरखाली किंवा वॉशिंग मशीनमध्ये नको. डिंक सुटतो, फोम खराब होतो.

पावलाचा वरचा भाग दुखला, तर नवा बूट शोधण्याआधी दुखऱ्या जागेवरची एक ओळ सोडून लेस ओवा. बोटं बधिर होत असतील तर आधी लेस सैल करून बघा, मग रुंदीकडे वळा.

माझी मेलेली जोडी आता मंडईत जाते. पिशवी घेऊन चालायला अजून उत्तम आहे.