शरदातलं खतखतं: गव्हाचा कणही न लागू देता घरी कसं करावं

पाऊस सरला, ऑक्टोबरची काहिली ओसरली आणि दिवाळीच्या सुमारास पहाटे चादर ओढून घ्यावीशी वाटू लागली की गोव्यातल्या बाजारांत कंदमुळांचे दिवस सुरू होतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी भाजी घेऊन बसलेल्या बायकांपुढे सुरण, मुळा, माडी (अळूच्या जातीचा कंद) दिसू लागतात, थोडं पुढे कणगी आणि करांदेही येतात. हे सगळं एका टोपात शिजवून, वर ओल्या नारळाचं वाटण आणि तिरफळांचा वास देऊन जे होतं ते खतखतं. चतुर्थीला ते होतंच, पण माझ्या मते त्याची खरी चव पावसानंतरच्या या दिवसांत लागते.

घरात कोणाला सीलियाकचा (ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याच्या आजाराचा) त्रास असेल किंवा गहू सोसत नसेल, तर लोक ‘ग्लुटेन-फ्री स्ट्यू’ शोधतात आणि परदेशी पिठांची महागडी पाकिटं आणतात. ती कशाला हवीत? युरोपी पद्धतीच्या स्ट्यूला दाटपणासाठी बहुधा मैदा लावतात. आपल्या खतखत्याला दाटपणा येतो तो नारळ आणि तूरडाळीमुळे, त्यामुळे त्यातून काही काढायचंच नसतं. ग्लुटेन असतं गहू, बार्ली आणि राय या धान्यांत, आणि त्यातलं एकही इथे लागत नाही. सांभाळायचं आहे ते वेगळंच: गहू पाककृतीत नसला तरी स्वयंपाकघरात असतो, आणि तिथून तो टोपात शिरतो.

आधी ओटा आणि भांडी

सकाळी पोदेर (पाववाला) पाव देऊन गेला की पावाचा भुगा ओट्यावर पडतोच, पोई नावाच्या पावाला तर कोंडाही असतो. म्हणून ओटा आधी ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं धुवायला टाका. मिक्सरच्या झाकणातलं रबर काढून बघा. त्या खाचेत जुनं पीठ चिकटून बसतं आणि नुसतं विसळून निघत नाही, जुन्या टूथब्रशने घासावं लागतं. लाकडी डाव आणि लाकडी पाट यांच्या चिरांत कणकेचे अंश राहतात, म्हणून सीलियाकच्या माणसासाठी शिजवताना स्टीलचा डाव वापरा, किंवा एक लाकडी डाव त्याच्यापुरता वेगळा ठेवा. सोलांच्या (आमसुलांच्या) आंबटपणामुळे टोपही स्टीलचाच बरा. कल्हई नसलेलं पितळ किंवा ॲल्युमिनियम नको.

हिंगाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. बाजारात मिळणारा बांधाणी हिंग शुद्ध नसतो, त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. खतखत्याला फोडणीच नसते, त्यामुळे हिंग लागत नाही. पण ताटात शेजारी वाढलेल्या उडदाच्या पापडात आणि विकतच्या लोणच्यात हिंग असतो. डबीवरचे घटक वाचा. आपल्याकडे ‘ग्लुटेन-फ्री’ छापण्यासाठी किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावं असा नियम आहे. तसं छापलेलं नसेल तर त्या ताटात पापड न वाढलेला बरा.

काय काय लागेल

चार-पाच जणांसाठी:

- तूरडाळ अर्धी वाटी
- सुरण 150 ग्रॅम
- कणगी 200 ग्रॅम (न मिळाल्यास रताळी)
- मुळा 1, गाजर 1, कच्चं केळं 1
- तांबडा भोपळा 150 ग्रॅम
- शेवग्याची शेंग 1, मक्याचं कणीस 1
- मध्यम नारळ 1, खवून
- ब्याडगी मिरच्या 6, हळद अर्धा चमचा
- सुकी तिरफळं 8 ते 10
- आमसुलं 4 ते 5
- गूळ एक मोठा चमचा, मीठ
- खोबरेल दोन चमचे

भाज्या किमान पाच तरी हव्यात, आणि त्यांत निम्मे कंद असावेत. नुसत्या गाजर-बटाट्यावर भागवलं तर खतखत्याचा जीवच जातो. पावसाळ्यात नीरफणस मिळाला तर जरूर घाला. करांदे ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घ्या, आधी उकडून सोला आणि मग शेवटी घाला. रानातले अनोळखी कंद मात्र कधीही वापरू नका, काही कडू तर असतातच, शिवाय बाधतातही.

सुटी तूरडाळ निवडून घ्या. दुकानात एकच माप सगळ्या पोत्यांत फिरतं आणि डाळीत गव्हाचे दाणे सापडतात. मिरची अख्खीच घ्यायची तीही याच कारणाने, कारण गिरणीवर दळून आणलेल्या तिखटात आधी काय दळलं होतं ते कळत नाही.

1. डाळ

डाळ तीन-चार पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजवा. चिमूटभर हळद घालून वेगळी शिजवा. दाणा बोटाने दाबल्यावर मोडावा, पण डाळीचं वरण होऊ देऊ नका.

2. भाज्या चिरणं

सुरणाला हात लावण्याआधी हाताला खोबरेल चोळा. सुरणात आणि माडीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार कण असतात. त्यांनी हात खाजतात आणि नीट शिजलं नाही तर घसाही खवखवतो. सुरणाच्या जाड फोडी करून चिंचेच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, मग ते पाणी ओतून टाका आणि फोडी पुन्हा धुवा. कच्चं केळं सालासकट चिरलं तरी चालतं, फक्त फोडी पाण्यात ठेवा म्हणजे काळ्या पडत नाहीत. बाकी भाज्यांच्या फोडी मोठ्याच ठेवा. ताटात मुळा कुठला आणि कणगी कुठली हे ओळखू आलं पाहिजे.

3. शिजवण्याचा क्रम

सगळ्या भाज्या एकदम टाकून कुकरच्या तीन शिट्ट्या काढायच्या नाहीत, भोपळ्याचा लगदा होतो आणि सुरण मध्ये कच्चं राहतं. टोपात भाज्या जेमतेम बुडतील एवढं पाणी उकळा आणि आधी सुरण, कणसाचे तुकडे आणि मुळा घाला. दहा मिनिटांनी कणगी, गाजर, केळं आणि शेंग. या भाज्या बऱ्याचशा शिजल्या की शेवटी भोपळा आणि मीठ. आच मध्यम, झाकण अर्धवट. सुरणाची फोड सुरीने टोचून बघा, सुरी अडली तर थांबा.

आमसुलं आत्ताच घालू नका. आंबटपणा लागला की भाज्या आणि डाळ मऊ व्हायला फार वेळ घेतात.

4. वाटण

खवलेला नारळ, अर्धा तास कोमट पाण्यात भिजवलेल्या मिरच्या आणि हळद एकत्र करून गंधासारखं बारीक वाटा. रस आणखी दाट हवा असेल तर एक चमचा भिजवलेले तांदूळ यातच वाटून टाका, मैद्याचं काम तेवढ्यात होतं. नारळ ताजाच हवा. सुक्या खोबऱ्याच्या किसाने रस चरबट लागतो.

5. तिरफळं

तिरफळ फोडून बघितलंत तर वरचं खरखरीत टरफल उघडलेलं असतं आणि आत एक काळी, चकचकीत बी असते. ती बी कडू असते, काढून टाका. वास सगळा टरफलात असतो, लिंबाच्या सालीसारखा पण त्याहून तीव्र, आणि जिभेवर हलक्या मुंग्या आणणारा. टरफलं खलबत्त्यात अर्धवट ठेचून पाव वाटी पाण्यात घाला. मिक्सरमध्ये वाटणासोबत फिरवू नका, रस कडवट होतो. जेवताना टरफलं बाजूला काढायची असतात. घरात गोव्याबाहेरचे पाहुणे असतील तर हे आधीच सांगा.

6. सगळं एकत्र

भाज्या शिजल्या की डाळ तिच्या पाण्यासकट घाला, मग वाटण. मिक्सरचं भांडं विसळून ते पाणीही टोपात ओता. हलक्या हाताने, तळापासून ढवळा. एक उकळी आली की आच मंद करून आमसुलं, गूळ आणि तिरफळं पाण्यासकट घाला. आठ-दहा मिनिटं मंद शिजू द्या. रस भाजीला धरून राहिला पाहिजे, आमटीसारखा वाहता नको. चव बघा: आधी नारळाचा गोडवा, मग आंबट, तिखट सगळ्यात शेवटी. गॅस बंद करून वरून कच्चं खोबरेल सोडा, झाकण घट्ट लावा आणि अर्धा तास टोपाला हात लावू नका. या अर्ध्या तासात तिरफळ रसात मुरतं, म्हणून घाई करू नये.

कशाबरोबर वाढावं

उकड्या तांदळाचा गरम भात सगळ्यात उत्तम. तांदळाची भाकरी करणार असाल तर गिरणीवरचं पीठ नको, कारण त्याच जात्यावर गहू दळलेला असतो. तांदूळ धुऊन, पंख्याखाली सुकवून घरी मिक्सरमध्ये दळा, चार-पाच भाकऱ्यांपुरतं पीठ आरामात होतं. घरातल्या बाकीच्यांना पाव हवा असेल तर खुशाल खाऊ द्या, फक्त पाव बुडवलेला हात किंवा चमचा टोपाकडे जाता कामा नये. ज्याला गहू वर्ज्य आहे त्याला आधी वाढा.

अजून तपासणी झाली नसेल आणि नुसती शंका असेल, तर गहू आपल्या मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांकडे जा. गहू सोडल्यावर केलेल्या रक्ततपासणीत सीलियाक निसटू शकतो.

उरलेलं खतखतं निवल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवा, नारळामुळे ते बाहेर आंबतं. दुसऱ्या दिवशी ते दाट होतं, तेव्हा थोडं गरम पाणी घालून मंद आचेवर नीट उकळून घ्या आणि त्याच दिवशी संपवा. फ्रीझरमध्ये ठेवलंत तर कंद पाणचट होतात.