गणपतीला निघण्याआधी गाडीचे कागद

गणपतीला कोकणात जायचं ठरलं की टायर, ब्रेक, वायपर आपण गॅरेजात दाखवून घेतो. कागद मात्र डॅशबोर्डच्या कप्प्यात तसेच पडून राहतात. यंदा ते महिनाभर आधीच बाहेर काढा.

पहिला विमा बघा, कारण इथे काळजीने वागणारी माणसंही फसतात. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा, घ्यावाच लागतो. त्यामुळे आता तीन-पाच वर्षं बघायला नको, असं डोक्यात बसतं. पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीवरच्या दोन्ही तारखा वाचा. थर्ड पार्टी संपलेला असताना पकडलं तर पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. मला दंडापेक्षा भीती वेगळीच वाटते. आपल्या गाडीखाली कुणाचा कमावता माणूस गेला, तर भरपाई मालकाला स्वतःच्या खिशातून भरावी लागते, आणि ती नाही जमली तर त्या गेलेल्या माणसाचं घर उघड्यावर पडतं. बाकी काही राहिलं तरी हा कागद संपू देऊ नका. शिवाय मुदत संपून ९० दिवस उलटले की साठवलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही जाते.

मग आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर गाडीची तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. अर्ज मुदतीच्या ६० दिवस आधीपासून करता येतो, तो लवकर करा. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचं बँकेचं नाव उतरवून घ्या. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर आरसीबरोबर विमाही आपल्या नावावर हवा. त्यासाठी विमा कंपनीला १४ दिवसांत कळवायचं असतं.

पीयूसी, म्हणजे गाडीच्या धुराची प्रदूषण तपासणी, पंपावर काही मिनिटांत होते. जाता जाता करा.

आरटीओकडे नोंदवलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही बघा, नाहीतर ई-चलानाचा मेसेज बंद पडलेल्या सिमवर जात राहतो. कागद डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असले तर पोलिसांना चालतात, गॅलरीतला फोटो नाही. घाटात रेंज जाते, म्हणून ते घरूनच उघडून बघा आणि मूळ प्रती गाडीत ठेवा.